आवाज नसलेली डिस्क

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीत बत्तीस वर्षं मेंटेनन्सचं लॉगबुक लिहिलं. मशीन नंबर, वेळ, बिघाड, काय केलं, सही. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, सुटलो. आज पुन्हा वही काढली, कारण ही गोष्ट कोणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवून जेवण जात नाही.

घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आवाज करते आहे.

सकाळी माया आंघोळीला गेली तेव्हा मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग तपासायची आनंदनगर एमआयडीसीत आमची हीच पद्धत होती. टक्, टक्, मग घर्र, मग पुन्हा टक्. मोटर असा आवाज करायला लागली की आम्ही सुपरवायझरला सांगायचो, साहेब, आठ दिवस, फार तर पंधरा.

त्या डिस्कवर मायाचे कागद आहेत. माया म्हणजे माझी बायको. २०१९ च्या पुरात बदलापूरला आपल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलं आणि पेट्या भिजल्या. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, १९५० च्या आधीचे. त्यांच्यावाचून पोरांची जात व्हॅलिडिटी अडते, आणि ती अडली की अ‍ॅडमिशन अडते. मायाने ते कागद इथे अंबरनाथला आणले, दोरीवर वाळवले, वरून सुती कापड टाकून इस्त्री केली आणि एकेक पान स्कॅन केलं. एक्केचाळीस घरं, चारशे पानं. शाई इतकी पुसट की तिने स्कॅनर सगळ्यात वरच्या सेटिंगला ठेवला. एकेक पान चारशे एमबीचं आहे. मूळ कागदांना पुढे बुरशी लागली, बरेचसे हातात घेताच तुटले. आता ते फक्त ह्या टक्-टक् करणाऱ्या डब्यात आहेत.

मायाला सांगायची सोय नाही. २२ जानेवारीला तिची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर, मीठ कमी, आणि मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. कागद गेले तर याहून मोठा धक्का तिला कोणता?

म्हणजे डिस्क गेली तर माया जाईल. हे सरळ लिहिलं आणि पेन खाली ठेवावं लागलं.

मायाचं बीपी सकाळी १३०/८४, दुपारी १३४/८६, संध्याकाळी १३८/८८.

५ फेब्रुवारी, बुधवार

औषधं आणतो सांगून उल्हासनगरला गेलो. जितेशचं दुकान कॅम्प तीनला आहे, आमचा कॉम्प्युटरही त्याच्या वडिलांकडूनच घेतलेला. आवाज तोंडाने करून दाखवला. तो म्हणाला, "काका, ये तो जाणारच. आज जाईल, नाही तर महिना काढेल. एसएसडी टाका. ह्याच्यात फिरणारं काही नाही, खराब होण्याचं टेन्शन नाही."

त्याने हातात दिलेली वस्तू पत्त्यांच्या अर्ध्या जोडाएवढी. वजन नाहीच. ज्यात काही फिरत नाही ते चालतं कसं, हे मला अजून पटलेलं नाही.

म्हणाला, डबा दुकानात आणा, मी जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून देतो. नको म्हटलं. लोकांचे जातीचे कागद दुकानात ठेवायचे नाहीत. शिवाय डबा घरातून हलला की माया विचारणार. मग त्याने एक वायर दिली आणि क्लोनिंग कसं करायचं ते कागदावर लिहून दिलं. निघताना विचारतो, "मायाआंटी कैसी हैं अब? ऑपरेशन ठीक से हो गया ना?"

ह्याला कोणी सांगितलं? उल्हासनगरात कोणाच्या घरात काय शिजतं ते बाजारात आधी कळतं, हेच खरं.

बीपी संध्याकाळी १३६/८८.

९ फेब्रुवारी, रविवार

गाढव आहे मी. माया आज विहारात वंदनेला निघाली होती. मी दाराशी आडवा आलो. दोन मजले उतरायचे, परत चढायचे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ती चप्पल काढून आत जाऊन बसली. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की ती घराबाहेर गेल्याशिवाय डिस्क बदलता येणार नाही.

दिवसभर बोलली नाही. हल्ली तशीही कमीच बोलते. पूर्वी स्वयंपाक करताना गुणगुणायची, आता भांड्यांचाच आवाज येतो. हॉस्पिटलहून आल्यावर अशक्तपणा असतो म्हणतात.

दुपारी ती झोपली असताना श्वास मोजला. मिनिटाला सोळा. दोनदा मोजला.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं. डिस्क बदलली.

सकाळी मीच म्हटलं, जा विहारात, सावकाश जा. माया माझ्याकडे बघतच राहिली. खालच्या मजल्यावरच्या राजाबाईंना सोबतीला दिलं. ती वळणाआड गेली आणि मी डबा उघडला.

हातानं करायच्या कामाचं मला काही वाटत नाही. आतली धूळ ब्रशने काढली, नवी डिस्क वायरने जोडली. भीती पुढे होती. जितेशने लाल पेनाने लिहिलं होतं: 'कुठून' आणि 'कुठे' नीट बघा. उलटं केलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सगळं साफ. म्हणजे एका क्लिकमध्ये एक्केचाळीस घरांचे पणजोबा पुसले जाणार. मी दोन्ही डिस्कांना चिठ्ठ्या चिकटवल्या, 'जुनी', 'नवी'. मग स्क्रीनवरचे आकडे बघितले. मग पुन्हा चिठ्ठ्या. अकरा वेळा बघितलं. कंपनीत बॉयलरचा व्हॉल्व्ह उघडताना मला इतका घाम फुटला नव्हता. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं आणि लगेच वाटलं, अरे, डोळे कशाला मिटले?

स्क्रीनवर आलं, तीन तास वीस मिनिटं. वंदना दीड तासाची.

माया परत आली तेव्हा बासष्ट टक्के झालं होतं. मी स्क्रीन बंद करून डब्यावर टॉवेल टाकला. म्हणालो, धूळ काढतोय. ती मटार घेऊन नेमकी तिथेच सोलायला बसली. जुनी डिस्क टॉवेलखाली टक्-टक् करत होती आणि माझ्या छातीत तसंच चाललं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "टॉवेल काढा. गरम होईल ते." आणि मटार घेऊन आत गेली.

टॉवेल काढला. काय समजली कोणास ठाऊक.

साडेबाराला पूर्ण झालं. नवी डिस्क आत बसवली, चालू केलं, वीस सेकंदांत स्क्रीन आली. मायाचं फोल्डर उघडलं. बदलापूरच्या बनूबाईंच्या सासऱ्यांचा १९४४ चा दाखला तसाच होता, कोपऱ्यातल्या पाण्याच्या डागासकट. रडू आलं. आलं म्हणून लिहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन गोष्टींनी झोप नाही.

एक, डिस्क पाचशे जीबीची घेतली, दिसते चारशे पासष्ट. जितेशला फोन केला. म्हणाला, मोजायची पद्धत वेगळी असते काका, सबका ऐसा ही दिखता है. बरं.

दुसरी गोष्ट मोठी. आवाज नाही. स्क्रूड्रायव्हर लावला, कान दाबला, काहीच नाही. जुनी निदान सांगत तरी होती की मी मरते आहे. ही गेली तर बोलणार नाही, एक दिवस नुसती नसेल.

जितेशने मोबाईलवर एका प्रोग्रॅमचं नाव पाठवलं. त्यात डिस्कची तब्येत टक्क्यांत दिसते. शंभर टक्के. जरा बरं वाटलं. आता हा आकडा रोज सकाळी बीपीसोबत लिहायचा.

डिस्क १००. बीपी १२८/८४.

२ मार्च, रविवार

जुनी डिस्क सहज वायरने जोडून पाहिली. एकदा टक् झालं. मग काही नाही. पुन्हा जोडली, काही नाही. मेली.

आवाज ऐकल्यापासून सत्तावीस दिवसांनी. नाही तर महिना काढेल, जितेश म्हणाला होता ना. सुती कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवली. टाकवत नाही.

म्हणजे आता जगात कागद एकाच ठिकाणी आहेत, ह्या मुक्या पत्र्यात. बसून विचार केला आणि कंपनीच्या पद्धतीने तक्ता आखला. मशीन बिघडायची वाट बघायची नाही, आधीच निगा राखायची. रोज सकाळी मायाच्या फोल्डरची त्याच डिस्कवर दुसरी ताजी कॉपी करायची, आदल्या दिवशीची पुसायची. म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी. आठवड्यातून एकदा जुना डीफ्रॅगचा प्रोग्रॅम चालवून आतलं सगळं ओळीत लावायचं. काम चालू राहिलं की मशीनला गंज चढत नाही.

मायाचाही तक्ता आखला. बीपी चारदा, नाडी चारदा, जिन्यावर जाणं एकदाच, फोन दहा मिनिटं. फ्रिजवर लावला.

डिस्क १००. बीपी १३२/८६.

११ मार्च, मंगळवार

डिस्क ९९.

सकाळी सहाला पाहिलं, वाटलं चष्म्याची चूक. काच पुसून पाहिलं. नव्याण्णवच. तीन आठवड्यांच्या नव्या वस्तूला काय झालं?

उद्यापासून कॉपी दोनदा. सकाळ-संध्याकाळ.

बीपी १३८/९०. तेही वर जातंय. मायाला विचारलं, मीठ चोरून खातेस का? तिने पट्टा दंडावरून ओढून काढला. "मला जरा श्वास घेऊ द्या, मग मोजा." मी म्हटलं, घे. घड्याळ धरून बसलो. ती हसली नाही.

२९ मार्च, शनिवार

डिस्क ९५. डीफ्रॅग आता रोज.

पायलचा नाशिकहून फोन होता. आमची मुलगी. म्हणाली, "पप्पा, आई बोलते का तुमच्याशी?" म्हटलं, बोलते की. काय बोलते? आठवावं लागलं. भाजी कोणती आणू, गॅस बंद केला का. पायल म्हणाली, "तिला विचारा ना जरा, कसं वाटतंय." विचारतो की, दिवसातून चारदा. आकडे वहीत आहेत, पाठवू का म्हटलं. तिने फोन ठेवला. पोरींना बापाची किंमत नसते.

बीपी १४२/९०.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. माया पांढरी साडी नेसून तयार झाली, आज अडवायची माझी छाती झाली नाही. विहारात खूप लोक होते. बदलापूरच्या बनूबाई आल्या होत्या, पंचाहत्तरीच्या असतील. आधी मला "जयभीम" म्हणाल्या आणि मग मायाचा हात दोन्ही हातांत धरून बसल्या.

"माया, तुजं पाकीट मी पेटीत ठिवलंय गं. कुलपात. नातवालाबी हात लावू देत नाय."

मायाने पटकन माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. काहीतरी वर्गणीचं असेल. मला तर बनूबाईंच्या नजरेला नजर देता येत नाही. त्यांच्या सासऱ्यांचा दाखला माझ्या भरवशावर आहे आणि त्यांना पत्ता नाही. उद्या त्यांची नात किर्ती बारावी होईल, कागद मागायला येईल, तेव्हा मी काय सांगू? मुकी डिस्क आणून ठेवली आणि तीही झिजते आहे?

घरी आल्यावर बीपी घेतलं. १२४/८०. एवढी दगदग होऊन कमी! यंत्र बिघडलं असणार. नवे सेल टाकले.

डिस्क ९०.

२४ एप्रिल, गुरुवार

डिस्क ८६.

आता कॉपी तीनदा करतो. जितकं जपतो तितकी खालावते. कंपनीत असं एकही मशीन पाहिलं नाही. आज दुपारी माया झोपली होती, तेव्हा तिच्या पाठीला कान लावला. ऐकू आलं, पण बरोबर की चूक ते मला कळेना. बेअरिंगचं कळतं, माणसाचं नाही कळत. तसाच बसून राहिलो. ती जागी होती. डोळे न उघडता म्हणाली, "आहे मी अजून."

मला फार भीती वाटते. एवढंच लिहितो.

२६ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

स्क्रीनचा फोटो काढून जितेशकडे गेलो. त्याने फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, पंचवीस टीबी लिहिलं? म्हणजे पंचवीस हजार जीबी? अडीच महिन्यांत? घरात टीव्ही चॅनल उघडलंय काय?"

मी तक्ता सांगितला. सकाळची कॉपी, दुपारची, संध्याकाळची, रोजचं डीफ्रॅग. तो काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"अहो, ये मशीन नहीं है. ह्याला तेल नको, फिरवायला नको. ह्याच्यावर जेवढं लिहाल तेवढी झिजते. वाचलं तर काही होत नाही, लिहिलं की झिजते. आप खुद इसको घिस रहे हो, काका. नुसती ठेवली असती ना, तर आजही शंभर असती. और दोन्ही कॉपी एकाच डिस्कवर? म्हणजे दोन्ही चाव्या एकाच खिशात. खिसा फाटला तर?"

त्याने स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, शहाऐंशी खूप आहे. आता हात लावू नका, दहा साल चालेल. आणि आंटींचे पेनड्राइव्ह आहेतच ना."

कसले पेनड्राइव्ह?

"जानेवारीत घेऊन गेल्या ना. एक्केचाळीस पीस. मी बोललो, आंटी, दुकान खोल रही हो क्या? बोलल्या, हॉस्पिटलला जायचंय, त्याच्या आधी सगळ्यांचं सगळ्यांना देऊन टाकायचंय."

उल्हासनगरहून घरी कसा आलो आठवत नाही. जिना चढताना आठवत गेलं. जानेवारीत प्रिंटरची रंगीत शाई एकदम संपली होती आणि मी कटकट केली होती. खाकी पाकिटांचा गठ्ठा दिसेना म्हणूनही केली होती. बनूबाईंची कुलपातली पेटी.

माया गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. टक्-टक्, टॉवेल, मेलेली डिस्क, शहाऐंशी टक्के. धक्का बसायचा तो बसो, मला पेलत नव्हतं.

तिने ताट बाजूला ठेवलं. "टक्-टक् मला दिवाळीपासून ऐकू येतंय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसायचात. म्हटलं, बसू द्या. निदान माझ्या छातीला तरी लावत नाहीत."

मी पेनड्राइव्हचं विचारलं.

"मला वाटलं, टेबलावरून मी उठलेच नाही तर? तुम्ही कुठे शोधणार, कोणाला देणार. म्हणून ज्याचं त्याला पाठवलं. प्रत्येकाच्या पाकिटात एक प्रिंट आणि एक पेनड्राइव्ह. शेवटचं पाकीट बनूबाईंचं, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे तुला वाटत होतं की तू..."

"हो."

"मला सांगायचं नाही का, माया?"

"तुम्हाला धक्का बसला असता." मग तिचा आवाज फुटला. "मला भीती वाटत होती हो. अजून वाटते. रात्री दिवा मालवला की वाटते. तुम्ही दिवसातून चारदा आकडा विचारता. मला कोणी विचारलंय का?"

तीन महिने मी ह्या वहीत तिचे आकडे लिहिले. मागची पानं आता चाळली. ती काय बोलली, ते चार-पाच ठिकाणी आहे, आणि तेही मी न कळताच लिहून ठेवलंय.

फ्रिजवरचा तक्ता मी काढला. चुंबक खाली पडलं ते तिने उचललं.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सवयीने सहाला कॉम्प्युटरसमोर बसलो. चालू केला नाही. बसून राहिलो, घाम आला, उठलो.

माया वंदनेला निघाली. दोन मजले. मी दारात उभा राहिलो, आडवा नाही, बाजूला. ती दोन पायऱ्या उतरून थांबली. म्हणाली, "येताय का?"

गेलो. जिन्यात विचारलं, "कसं वाटतंय?" हा प्रश्न मी आकड्याशिवाय पहिल्यांदा विचारला. ती पहिल्या मजल्यावर टेकली आणि म्हणाली, "आज घाबरल्यासारखं होतंय. थोडं." मी म्हटलं, "मलापण." मग दोघंही तिथेच उभे राहिलो. राजाबाईंनी दार उघडून विचारलं, काय झालं? माया म्हणाली, काही नाही, दम खातोय.

तिने हात पुढे केला. माझी बोटं आपोआप मनगटावर गेली, नाडीच्या जागी. तिने ती सोडवली आणि तळव्यात धरली.

"मोजू नका," ती म्हणाली. "नुसता धरा."

धरला. डिस्क पाहिली नाही. बीपी घेतलं नाही. आज वहीत लिहायला आकडा नाही.